ठाण्याचा हिशेब कोण मागणार?

महाराष्ट्रातील मुसलमान आणि पोलीस या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत आपण जे लिहिले, बोलले, त्यात दोनच गोष्टी प्रामुख्याने आल्या. एक लाठी आणि दुसरी अटक. दंगलीत पोलिसांनी कोणाला झोडपले आणि स्फोटानंतर कोणाला उचलले, याच्या कहाण्या आपल्या कथा-कवितांत, अध्यक्षीय भाषणांत आणि मोर्चाच्या निवेदनांत ठायी ठायी आहेत. त्या खोट्या नाहीत. पण या दोन गोष्टींच्या धबडग्यात एक तिसरा, अगदी साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. आपल्या मोहल्ल्यात जे पोलीस ठाणे उभे आहे ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस नेमके करते काय? त्याच्याकडे माणसे किती, गाड्या किती, पैसा किती आणि ही माणसे, गाड्या, पैसा खर्च होतो कोणाच्या कामासाठी?

हा प्रश्न वाण्याच्या खतावणीतला वाटेल. पण नागरिकत्वाची खरी कसोटी इथेच आहे. ज्याला मार पडतो तो दया मागतो, ज्याला अटक होते तो वकील शोधतो. हिशेब मागतो तो मालक. पोलीस ठाण्याच्या दारात उभा असलेला मुसलमान आजवर आरोपी म्हणून उभा राहिला, फिर्यादी म्हणून उभा राहिला, पंच म्हणून अंगठा द्यायला उभा राहिला. हिशेब मागणारा म्हणून तो कधी उभा राहिलाच नाही. हा लेख त्या उभे राहण्याविषयी आहे.

वर चढणारी शिडी

आपल्याकडचे पोलीस खाते मुळात हिशेब देण्यासाठी निर्माणच झाले नाही. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला तो रयतेच्या रक्षणासाठी नव्हे, तर रयतेपासून राज्याचे रक्षण व्हावे म्हणून. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा पोलीस कायदा केला, तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालतो. कायद्याचे नाव बदलले, शिडी तीच राहिली. हवालदार फौजदाराला जबाबदार, फौजदार निरीक्षकाला, निरीक्षक उपअधीक्षकाला, तो अधीक्षकाला, आणि सगळे मिळून गृहमंत्र्याला. या शिडीच्या कोणत्याही पायरीवर मोहल्ला नाही, गल्ली नाही, ठाण्याच्या बाकड्यावर चार तास बसून राहिलेली बाई नाही.

त्यामुळे ठाण्याची प्राथमिकता वरून ठरते. मंत्र्यांचा दौरा असला की ठाणे रिकामे होते. क्रिकेटचा सामना असला की रिकामे होते. मिरवणूक, मोर्चा, उद्‌घाटन, नेत्याच्या मुलाचे लग्न, सगळ्यांना माणसे मिळतात. आणि त्याच दिवशी कोणाची मुलगी घरातून निघून गेली, कोणाच्या कारखान्याचे कुलूप तुटले, कोणाला नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केला, तर उत्तर ठरलेले असते : ‘बंदोबस्तावर गेलेत सगळे. उद्या या.’

२०२२ सालची एक गोष्ट वाचकांना आठवत असेल. दिल्लीतील बलात्कारानंतर स्त्रियांच्या सुरक्षेसाठी केंद्राने निर्भया निधी उभारला. त्या निधीतून मुंबई पोलिसांनी २२० बोलेरो गाड्या घेतल्या आणि त्या ठाण्यांना वाटल्या. काही आठवड्यांतच त्यातल्या ४७ गाड्या परत मागवून घेण्यात आल्या. कशासाठी? तर राज्यात सत्तापालट झाल्यावर एका गटाच्या आमदार-खासदारांना दिलेल्या वाढीव संरक्षणासाठी. डिसेंबरमध्ये वर्तमानपत्राने हे उघडकीला आणले तेव्हा ओरड झाली. गाडी रात्री गल्लीत फिरायची होती ती आमदाराच्या मागे फिरली. कोणी एखाद्या हवालदाराने पेट्रोलचे पैसे खाल्ले तर तो भ्रष्टाचार. मग हा काय म्हणायचा?

दुसरे उदाहरण पैशाचे. क्रिकेटच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त दिला जातो, त्याचे शुल्क आयोजकांनी भरायचे असते. २०२३ च्या जूनमध्ये राज्य सरकारने हे शुल्क मोठ्या प्रमाणात उतरवले आणि ते थेट २०११ पासून मागे जाऊन लागू केले. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले. जगातील श्रीमंत खेळाला सवलत द्यायला सरकारकडे जागा आहे. पण चौकीत महिला हवालदार नेमा म्हटले की मनुष्यबळ नाही.

पोलीस भरपूर, हिफाजत नाही

मुसलमानांच्या वस्तीचे दुःख मात्र थोडे निराळे आहे. इथे पोलीस कमी नसतात. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मोमीनपुरा, कुठेही जा. नाक्यावर जाळीची गाडी, सणाला राखीव दलाची तुकडी, ईदच्या आधी पोरांना चांगल्या वर्तनाच्या हमीच्या नोटिसा, काहींना तडीपारी. पोलीस दिसतात भरपूर, पण ते वस्तीकडे तोंड करून उभे असतात. वस्तीची राखण करणारा पोलीस वस्तीकडे पाठ करून उभा राहायला हवा, हे कोणी त्यांना सांगितलेलेच नाही.

मालेगावचे पाहा. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरे ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांच्या नादी लागली. नशेत चाकू निघतात, खून पडतात. ही ओरड आजची नाही, वर्षानुवर्षांची आहे. गोळी कोण आणतो, कोणत्या दुकानातून निघते, हे गल्लीतले शेंबडे पोरही सांगेल. जानेवारी २०२५ मध्ये याच मालेगावसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. गोळीसाठी नव्हे. उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांतून बांगलादेशी आणि रोहिंग्यांना कागद मिळाले, या आरोपाच्या चौकशीसाठी. खोटे दाखले दिले गेले असतील तर तपास झालाच पाहिजे, त्याला आपली हरकत असण्याचे कारण नाही. पण ज्या तत्परतेने दाखल्यांसाठी विशेष पथक मिळाले, ती तत्परता गोळीखाली मेलेल्या पोरांच्या आयांच्या वाट्याला का आली नाही? मालेगावच्या माणसाने काय मागितले होते आणि त्याला काय मिळाले? प्राथमिकता म्हणतात ती हीच.

गोवंशहत्या बंदीचेही तेच. १९९५ चे दुरुस्ती विधेयक २०१५ च्या मार्चपासून कायदा म्हणून अमलात आले. त्यानंतर किती ठाण्यांचे किती दिवस टेम्पो अडवण्यात, मांसाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात आणि अहवालाची वाट पाहण्यात गेले, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोषपणा आरोपीनेच सिद्ध करावा हे कलम, दोन्ही रद्द केली. माणसाने घरात काय खावे हा त्याच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, असे त्या निकालाचे सार आहे. दुसरीकडे १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, अशा घटना घडतात त्या जागा हेरून तिथे गस्त घाला, असा आदेश दिला. तरी २०२३ च्या जूनमध्ये एकट्या नाशिक जिल्ह्यात गोरक्षक म्हणवणाऱ्यांच्या तावडीत सापडून दोन मुसलमानांचे जीव गेले. हमरस्त्यावर टेम्पो अडवणारी ही मंडळी कोणत्या अधिकाराने नाकाबंदी करतात? नाकाबंदी हे पोलिसांचे काम. ते काम खाजगी टोळीला आंदण देणे हीसुद्धा साधनसंपत्तीची वाटणीच आहे.

हे सारे एखाद्या दुष्ट अधिकाऱ्याच्या डोक्यातून येते असे समजू नये. २०१९ साली ‘कॉमन कॉज’ आणि सी.एस.डी.एस. या संस्थांनी देशभरातील पोलिसांच्या मतांची पाहणी प्रसिद्ध केली. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकलेले असतात असे कमी-अधिक प्रमाणात मानणारे पोलीस निम्म्याच्या आसपास निघाले. ज्याच्या मनात हे पक्के बसले आहे, तो आपल्या मोहल्ल्यात फिर्याद लिहून घ्यायला येईल की फिर्यादीलाच पारखायला?

हवालदारही माणूसच

त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता आणि तो आपण सोयीस्करपणे विसरू नये. पोलीस सरासरी दिवसाला १४ तास राबतात. चौदा तास उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करणे हा विनोद आहे. पोलिसांना हिशेब मागणे म्हणजे हवालदाराला शिव्या देणे नव्हे. उलट हिशेब मागितला तर पहिला फायदा त्याचाच आहे.

त्याचा पुरावा मुंबईतच आहे. २०१६ मध्ये मुंबई पोलिसांनी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला. कुठे? देवनार पोलीस ठाण्यात. गोवंडीच्या ज्या झोपडपट्ट्यांची नावे वर्तमानपत्रात फक्त गुन्ह्यांच्या पानावर येतात, त्यांच्याच शेजारी. कल्पनाही वरच्या साहेबाची नव्हे, खात्यातल्याच एका शिपायाची होती. आहे त्याच माणसांत, पाळ्या नीट लावून, हे जमले. म्हणजे ‘मनुष्यबळ नाही’ हे दर वेळी खरे उत्तर नसते. माणसे कुठे उभी करायची हा निर्णय असतो, आणि निर्णय घेणाऱ्याला त्याचे कारण विचारता येते.

एका सालाची गोष्ट

प्राथमिकता चुकली की काय होते, हे पाहायचे तर २००६ हे एकच साल पुरे आहे.

५ जुलैला भिवंडीत वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. ८ सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कबरस्तानात आणि आसपास स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक नमाजी आणि फातिहा पढायला आलेले. आणि २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. वेळेवर दखल घेतली नाही म्हणून तिथे पोलिसांवर कारवाई करावी लागली.

या घटनांचे पुढे काय झाले? मालेगावच्या स्फोटासाठी नऊ मुसलमान धरले गेले. कबरस्तानात मरणारेही आपलेच आणि मारणारेही आपलेच, असा तपासाचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे प्रकरण गेल्यावर तो निष्कर्ष ढासळला. नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्यांच्यातला एकजण तोवर हयातही नव्हता. लोकल गाड्यांच्या स्फोटात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावलेली होती, एकजण तुरुंगातच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही आरोपी सुटले.

या निकालांवरून आपल्याकडे आणि त्यांच्याकडे मिठाई आणि मातम यांची वाटणी झाली. पण थोडा वेळ धर्म बाजूला ठेवून फक्त हिशेब मांडा. एकोणीस वर्षे. शेकडो पोलिसांचे श्रम. हजारो पानांची आरोपपत्रे. सरकारी वकील, तुरुंग, बंदोबस्त, तारखा. आणि उत्तर काय? लोकल गाडीत मेलेल्या कारकुनाच्या बायकोला कोणी सांगायचे की तुझ्या नवऱ्याला कोणी मारले? चुकीचा माणूस पकडला म्हणजे एका निरपराधावर अन्याय झाला, एवढे आपण म्हणतो आणि थांबतो. तेव्हाच खरा गुन्हेगार सुटलेला असतो, मेलेल्याचे घर फसवले गेलेले असते आणि सरकारी तिजोरी रिकामी झालेली असते, हे म्हणायला आपण विसरतो. तेवढे म्हटले असते तर हा प्रश्न फक्त मुसलमानांचा राहिला नसता.

परभणीचे नाव या संदर्भात दोनदा येते. घाटकोपरच्या डिसेंबर २००२ च्या स्फोटात संशयित म्हणून धरलेला ख्वाजा युनूस हा परभणीचा अभियंता. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून ‘पळाला’ असे पोलिसांनी सांगितले. तो परत दिसला नाही, आणि त्याच्या मृत्यूबद्दल पोलिसांवर खुनाचा खटला उभा राहिला. त्यातले निलंबित अधिकारी २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले. त्यातलाच एक, सचिन वाझे, पुढच्याच वर्षी उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटके ठेवल्याच्या प्रकरणात अटकेत गेला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच परभणीत, संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनात धरलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीनंतर मरण पावला. एक मुसलमान, एक आंबेडकरी, आणि ज्यांच्या माथी इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला ते पारधी तर कायमचेच. ठाण्याच्या भिंतीआड या तिघांची ओळख होते. बाहेर आल्यावर ते एकमेकांना ओळखत नाहीत.

अहवालांची कबर

पोलिसांच्या दोषांची नोंद झाली नाही असे मुळीच नाही. १९७० च्या भिवंडी, जळगाव, महाड दंगलींवर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तपास पथकाचा पक्षपात स्पष्ट शब्दांत मांडला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवर न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल दिला. ९०० मृतांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. ३१ पोलिसांची नावे त्यांनी घेतली. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे दंगलीनंतर तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला सांगावे लागले की आयोगाच्या पोलीस सुधारणेच्या शिफारशी अमलात आणा आणि बेपत्ता माणसांचे वारस शोधून भरपाई द्या. १६८ बेपत्तांपैकी तोवर ६० घरांनाच ती मिळाली होती.

यातून काय शिकायचे? एवढेच की घटना घडून गेल्यावर मागितलेला हिशेब अहवालाच्या कपाटात जातो. हिशेब रोजचा हवा. दुकानदार दिवाळीला वही पूजतो, पण जमाखर्च रोज रात्री लिहितो.

आणि रोजचा हिशेब अशक्य नाही, हेही भिवंडीनेच दाखवले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेल्या या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांच्या नव्हे, साध्या माणसांच्या. हिंदू-मुसलमान एकत्र बसायचे, त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस बसायचा. विषय काय? गटार, नळ, भांडण, उधारी, पोरांची मारामारी. गल्लीला पोलिसाचे नाव माहीत झाले आणि पोलिसाला गल्लीचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा तिच्या उशाशी असलेली भिवंडी शांत राहिली. आणि तीच भिवंडी २००६ मध्ये एका ठाण्याच्या बांधकामावरून पेटली, चार माणसे गेली. ठाणे कुठे बांधायचे, कशासाठी बांधायचे, हे वस्तीबरोबर बसून ठरवण्याची सवय मोडली की काय होते ते यात दिसते. त्या दोन शिपायांच्या घरचे रडणेही या हिशेबातच धरावे लागेल. त्याला माफी नाही.

शांतता समितीचा चहा

मोहल्ला समितीची पुढे सगळीकडे शांतता समिती झाली. वर्षातून दोन-तीनदा, सणाच्या आधी, ठाण्याच्या आवारात मंडप पडतो. पहिल्या रांगेत आपले मान्यवर. साहेब सांगतात, डीजे लावू नका, अफवा पसरवू नका. आपले मान्यवर सांगतात, ‘साहेब, आमच्याकडून काही त्रास होणार नाही.’ मग चहा, बिस्किटे, साहेबांना शाल, फोटो. रमजानमध्ये साहेबांना इफ्तार, दिवाळीत साहेबांकडून फराळ.

या मंडपात कोणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही की साहेब, गेल्या सहा महिन्यांत आमच्या भागातून किती फिर्यादी आल्या, किती गुन्हे दाखल झाले आणि किती नुसत्या अदखलपात्र म्हणून कागदावर टिपून वाटेला लावल्या? किती बाया बेपत्ता आहेत, किती सापडल्या? रात्रीची गस्त कोणत्या गल्लीत येते आणि कोणत्या गल्लीत येत नाही? विचारणार कसे? साहेबांशी असलेली ओळख हेच ज्यांचे भांडवल, ते त्या भांडवलाला हात लावतील काय? अमक्याचा पोरगा सोडवून आणला, तमक्याचा टेम्पो सोडवून आणला, यावर त्यांची पुढारपणाची दुकाने चालतात. ठाणे कायद्याने चालू लागले तर ही दुकाने बंद पडतील.

आणि आपण सगळेच काय करतो? नवऱ्याने मारलेल्या बाईला ठाण्यात जाऊ देत नाही. घरची अब्रू, जमातीची अब्रू म्हणत पंचांसमोर बसवतो आणि पुन्हा त्याच घरात धाडतो. गोळी विकणारा मशिदीला देणगी देतो म्हणून त्याचे नाव घेत नाही. मग त्या ठाण्याने आपल्या बायकांकडे लक्ष दिले नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? हिशेब मागणाऱ्याची स्वतःची वही कोरी असून चालत नाही.

कायदा काय देतो

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण मागायचे कशाच्या जोरावर? जोर आहे. आपण तो वापरत नाही.

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे मालेगावनंतर दोन आठवड्यांनी आणि खैरलांजीच्या एक आठवडा आधी, सात आदेश दिले. ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नका, तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हे त्यातले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरण ठेवले, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. म्हणजे छत्तीस जिल्ह्यांना सहा दारे. नंदुरबारच्या बाईने नाशिकला जावे, गडचिरोलीच्या आदिवासीने नागपूरला. एका दिवसाची मजुरी बुडवून ठाण्यात न जाणारा माणूस दोन दिवसांची बुडवून विभागाच्या गावी जाईल काय? प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. आपले आमदार निवडणुकीत मते मागायला येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर ठेवण्याची मागणी.

दुसरे, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या मुलीच्या पालकांना फिर्याद लिहून घेण्यासाठी तासन्‌तास ठाण्यात बसवून ठेवले गेले, आणि शहर रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी चौदा दिवस चौकशी करण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. म्हणजे टाळाटाळीला कायद्याचा टेकू. त्याच कलमात फिर्याद घेतली नाही तर अधीक्षकाकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, हा मार्गही आहे. आपल्या वकिलांच्या संघटना एवढे एक काम करतील काय?

तिसरे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे नाजूक प्रकरणे वगळता प्रत्येक प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवी. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपली माणसे, त्यांची कर्तव्ये आणि खर्च जाहीर करावा. सामान्य पोलीस ठाणे या कायद्याच्या बाहेर नाही. तपासाला बाधा येईल ते गुप्त ठेवा, जरूर ठेवा. पण एकूण किती माणसे, किती बंदोबस्तावर, किती तपासावर, किती साहेबांच्या बंगल्यावर, यात गुप्त काय आहे? पोलिसांच्या गाड्यांना आणि कॅमेऱ्यांना जिल्हा नियोजन समितीचा पैसा जातो. त्या समितीत आपण निवडून दिलेली माणसे बसतात. तिथे हा प्रश्न का उठत नाही?

दर तीन महिन्यांनी ठाण्याने दारावर एक फलक लावावा. किती फिर्यादी आल्या, किती गुन्हे नोंदले, किती नाकारले, मनुष्यबळाचे किती दिवस कशावर गेले. आणि त्या फलकासमोर खुली बैठक व्हावी. निमंत्रितांची नको, शालवाल्यांची नको. ज्याला यायचे त्याने यावे. बाया पुढे बसाव्यात. मागणी एवढीच आहे आणि ती मुसलमानांसाठी वेगळी नाही. ती शिवाजी पार्कला जेवढी उपयोगाची तेवढीच शिवाजीनगर-गोवंडीला.

‘मनोबल खच्ची होईल’

यावर ठरलेली ओरड होईल की पोलिसांचे मनोबल खच्ची होते. शिक्षकाचा निकाल जाहीर झाल्याने शिक्षण बुडत नाही, ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचल्याने गाव बुडत नाही, मग ठाण्याचा हिशेब वाचल्याने मनोबल कसे बुडते? मनोबल खचते ते चौदा तास उभे करून ठेवल्याने, चुकीच्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला लावल्याने आणि साहेबांच्या बदलीचा दर ऐकल्याने.

आपल्यातलेही काही म्हणतील, आधीच आपल्यावर डोळा आहे, कशाला नवे वैर? मुक्याने बसून डोळा हटला असता तर तो केव्हाच हटायला हवा होता. अर्ज करणाऱ्या माणसाचे नाव ठाण्यात लिहिले जाते, हे खरे आहे. म्हणून अर्ज एकट्याने करू नये. शंभर जणांनी करावा, आणि त्या शंभरांत बौद्धवाडा असावा, पारध्यांचा तांडा असावा, भाजीवाल्या मराठा बाया असाव्यात, चौकीत राबणाऱ्या हवालदाराचा बापही असावा. त्याच्या घरीही चोरी होते, आणि त्यालाही उद्या या म्हणून सांगतात.

पोलीस ठाणे ही आपल्या पैशाने बांधलेली इमारत आहे. सुताच्या प्रत्येक बंडलावर, साबणाच्या प्रत्येक वडीवर आपण कर भरतो. त्या पैशाचे काय केले, हे विचारायला कोणाची मेहरबानी लागत नाही, मान्यवराची चिठ्ठी लागत नाही. येत्या ईदच्या आधी शांतता समितीचे निमंत्रण येईल तेव्हा शाल घरी ठेवा आणि वही घेऊन जा.